इंटरस्टेटच्या शेजारचा जुना रस्ता: अमेरिकन रोड ट्रिपमागची शंभर वर्षे

अमेरिकेत मोटारीने लांब निघालेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी एकाच दिशेला जाणारे दोन रस्ते मिळतात. एकावर निळ्या-लाल ढालीची पाटी असते, तो इंटरस्टेट. दुसऱ्यावर पांढऱ्या ढालीत काळा आकडा असतो, तो यू.एस. महामार्ग. इंटरस्टेट ७०च्या जोडीला यू.एस. ४०, ८१च्या जोडीला यू.एस. ११, ८०च्या जोडीला यू.एस. ३०. पहिल्यावर दिवसभर गाडी हाकली तरी एकही गाव आतून दिसत नाही; दुसऱ्यावर गावे एकामागून एक लागत राहतात. हा फरक १९२६ आणि १९५६ या दोन वर्षी झालेल्या निर्णयांतून आला आहे. जुन्या रस्त्याची मजा आणि त्याचे धोके, दोन्ही त्या निर्णयांतच आहेत.

१९१०च्या दशकात अमेरिकेतल्या लांबच्या रस्त्यांना क्रमांक नव्हते, नावे होती. खासगी मंडळे वर्गणी गोळा करून एखाद्या मार्गाला नाव द्यायची आणि वाटेवरच्या खांबांवर ठरावीक रंगांचे पट्टे मारायची. यातला सर्वांत गाजलेला लिंकन हायवे. १९१३मध्ये तो न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आखला गेला. आखला म्हणजे बांधला नव्हे. पश्चिमेकडे त्याचा बराचसा भाग चिखलाची किंवा वाळूची गाडीवाटच होता. १९१९च्या उन्हाळ्यात लष्कराचा मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून याच वाटेने सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तेव्हा त्याला ६२ दिवस लागले. सरासरी वेग ताशी सहा मैलांच्या आसपास. लाकडी पूल ट्रकच्या वजनाने मोडत होते, चाके रुतत होती. या ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा २८ वर्षांचा लेफ्टनंट कर्नल होता. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

नावांचा गोंधळ वाढला. एकाच खांबावर अनेक मार्गांचे पट्टे येऊ लागले. मग राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांनी ११ नोव्हेंबर १९२६ रोजी क्रमांकांची पद्धत मंजूर केली. उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम. यू.एस. १ अटलांटिकच्या बाजूला, १०१ पॅसिफिकच्या बाजूला. (भारतात २०१०मध्ये झालेल्या फेरक्रमांकनात नेमके उलटे आहे: उत्तर-दक्षिणेला सम, पूर्व-पश्चिमेला विषम. म्हणून पूर्वीचा १७ क्रमांकाचा मुंबई-गोवा महामार्ग आज ६६ आहे. अमेरिकेतल्या ‘रूट ६६’शी, म्हणजे शिकागो ते लॉस एंजेलिस जाणाऱ्या यू.एस. ६६शी, त्याचा संबंध आकड्यापुरताच.)

१९२६मध्ये नवे रस्ते बांधले गेले नाहीत, असलेल्या रस्त्यांना आकडे दिले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते रस्ते गावाच्या मुख्य पेठेतून, न्यायालयासमोरच्या चौकातून, शाळेवरून आणि शेताच्या फाटकांना लागून जात होते. आजही जातात. गाडी थांबवून जेवणे, पेट्रोल भरणे, मुक्काम करणे हे सगळे या रस्त्याच्या कडेलाच वाढले. ‘मोटेल’ हे नाव धारण करणारे पहिले ठिकाण १९२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोला उघडले, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मधल्या मुक्कामावर.

हे सगळे सर्वांना सारखे खुले नव्हते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कित्येक गावांत खोली किंवा जेवण मिळत नसे, काही गावांत सूर्यास्तानंतर थांबणेही धोक्याचे होते. त्यांना कुठे आसरा मिळेल याची यादी देणारे ‘ग्रीन बुक’ १९३६पासून साठच्या दशकापर्यंत निघत होते. जुन्या महामार्गांच्या आठवणी काढताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

त्याच काळात दुसरा एक प्रकार जन्मला: फक्त बघण्यासाठी बांधलेला रस्ता. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या ब्लू रिज पार्कवेचे काम सप्टेंबर १९३५मध्ये, मंदीत लोकांना रोजगार देण्याच्या योजनांच्या काळात सुरू झाले. ४६९ मैलांच्या या रस्त्याचा शेवटचा तुकडा १९८७मध्ये पुरा झाला. लिन कोव्ह पूल त्याच तुकड्यात येतो; ग्रँडफादर माउंटनचा उतार कापावा लागू नये म्हणून रस्ता खांबांवरून वळवत नेला आहे. पार्कवेवर मालवाहू ट्रकांना बंदी, जाहिरातींचे फलक नाहीत, वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल. आणि पेट्रोल पंप एकही नाही. त्यासाठी खाली गावात उतरावे लागते.

आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले आणि २९ जून १९५६ रोजी त्यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांचे जाळे, खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा, पैसा पेट्रोलवरच्या करातून. बारा फुटी लेन, मधे दुभाजक, कुठेही चौक नाही, सिग्नल नाही, कुणाच्या घराचे किंवा शेताचे फाटक थेट रस्त्यावर उघडणार नाही, आणि रस्त्यावर येणे किंवा उतरणे फक्त ठरलेल्या एक्झिटवर. या शेवटच्या दोन अटींनी गावे बाजूला पडली. क्रमांकही मुद्दाम उलटे दिले: इंटरस्टेट ५ पॅसिफिककडे आणि ९५ अटलांटिककडे, १० दक्षिणेला आणि ९० उत्तरेला. त्यामुळे एकाच राज्यात एकच आकडा दोन रस्त्यांना येण्याची वेळ सहसा येत नाही. मध्यभागी ते टळले नसते, म्हणून ५० आणि ६० हे क्रमांक इंटरस्टेटला दिलेच नाहीत.

रूट ६६वरचे इंटरस्टेटने वळसा घातलेले शेवटचे गाव ॲरिझोनातले विल्यम्स. १३ ऑक्टोबर १९८४ रोजी तिथला बायपास खुला झाला. पुढच्या वर्षी ६६ हा आकडा अधिकृत यादीतून गेला. टेक्सास-न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचे ग्लेनरिओ ओसाड पडले. इतरत्र मात्र अनेक मोटेल तगली, आणि त्यांपैकी बरीच आज गुजराती कुटुंबे चालवतात. आडगावात काउंटरमागे देशी चेहरा दिसला तर नवल वाटू नये.

केंद्राला या रस्त्यांची किंमत उमगायला १९९१ उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने ‘नॅशनल सीनिक बायवे’ योजना आली. निसर्गसौंदर्य, नैसर्गिक वैशिष्ट्ये, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व आणि मनोरंजन यांपैकी एक गुण असेल तर बायवे, दोन असतील तर ‘ऑल-अमेरिकन रोड’. २०२१च्या निवडीनंतर अशा रस्त्यांची संख्या १८४ झाली. सहलीची आखणी या यादीपासून सुरू करावी. नकाशावर बोट ठेवून निवडलेल्या कोणत्याही टू-लेन रस्त्यापेक्षा ती भरवशाची आहे. इंटरस्टेट सगळेच रुक्ष असतात असेही नाही. कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड कॅन्यनमधला इंटरस्टेट ७०, १९९२मध्ये पुरा झालेला, पाहण्यासारखाच आहे.

आता प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे. जुना रस्ता गावातून जातो, म्हणून सरासरी वेग ताशी ४५ मैल धरावा. २५० मैलांना इंटरस्टेटवर चार तास पुरतात, इथे थांबे सोडून साडेपाच लागतात. दिवसाला ३०० मैलांवर बेत आखला की संध्याकाळी घाई होते, आणि संध्याकाळ हीच इथे सर्वांत वाईट वेळ. हरणे सांजसकाळ रस्त्यावर येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर जास्तच. एक हरीण ओलांडून गेले की मागून दुसरे येणार असे धरून चालावे. गावाच्या वेशीवर मर्यादा ६५ वरून ४५, ३५, २५ अशी झपाट्याने उतरते आणि पाटीपाशीच लागू होते, पाटीनंतर नव्हे.

गाड्यांनी कापलेल्या दर मैलामागे मृत्यूंचे प्रमाण ग्रामीण टू-लेन रस्त्यांवर इंटरस्टेटपेक्षा बरेच जास्त आहे. कारण साधे: मधे दुभाजक नाही, समोरची गाडी आणि तुम्ही यांच्यामध्ये पिवळ्या रंगाची रेघ आहे, बस्स. तुमच्या बाजूची रेघ तुटक असेल तरच ओव्हरटेक. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. ओव्हरटेकला दहा सेकंद लागले तर तुम्ही ८८० फूट जाता, समोरचाही तेवढाच येतो. म्हणजे किमान पाव नव्हे, एक तृतीयांश मैल रस्ता मोकळा दिसायला हवा. उजवी चाके डांबराबाहेरच्या खडीत उतरली तर स्टिअरिंग झटक्याने डावीकडे ओढू नये. चाक कडेला अडते, मग एकदम सुटून गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. ॲक्सिलरेटर सोडावा, वेग उतरू द्यावा आणि मग हळू वर घ्यावे. पिवळी स्कूल बस लाल दिवे लावून थांबली असेल तर टू-लेन रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचे असते. भारतातून आलेल्या चालकांकडून हे हमखास चुकते.

नकाशाच्या ॲपमध्ये ‘हायवे टाळा’ एवढेच निवडले तर ते कच्च्या काउंटी रोडवरही घालते. त्यापेक्षा हव्या त्या महामार्गावरची गावे क्रमाने थांबे म्हणून भरावीत, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवावा, कारण डोंगरात मोबाइलचा सिग्नल नसतो. हंगामही पाहावा. मॉन्टानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला १९३३चा गोइंग-टू-द-सन रोड बर्फामुळे साधारण जूनअखेर पूर्ण उघडतो, आणि त्याच्या डोंगराळ भागात आरशांसह आठ फुटांहून रुंद किंवा २१ फुटांहून लांब गाडी नेता येत नाही. मोठी आर.व्ही. (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेणाऱ्यांनी हे आधी मोजावे.

टाकी अर्ध्यावर आली की भरावी. नेवाडातला यू.एस. ५०, ज्याला १९८६मध्ये ‘लाइफ’ मासिकाने अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटले, फॅलनहून ऑस्टिनपर्यंत सुमारे ११० मैल जातो, पुढे युरेकापर्यंत ७० आणि ईलीपर्यंत ७७. पंपावरचे यंत्र पाच आकडी झिप कोड (तिथला टपालाचा पिन कोड) मागते. भारतीय कार्डाला तो नसतो, त्यामुळे आत जाऊन काउंटरवर पैसे द्यावे लागतात. लहान गावात रात्री यंत्र चालू आणि काउंटर बंद असतो. म्हणून अशा टप्प्यावर भारतीय कार्ड घेऊन निघणाऱ्याने टाकी दिवसाउजेडीच भरून घ्यावी.