चार मिनिटंच का?

‘दम कमी पडतोय? मार मैदानाला दहा फेऱ्या!’ हा उपाय अजूनही सर्रास चालतो. संथ फेऱ्यांनी नुकसान होत नाही, पण रोज सराव करणाऱ्या सतरा वर्षांच्या फुटबॉलपटूचा दम त्यांनी फारसा वाढतही नाही. 2001 साली नॉर्वेत यान हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी ज्युनियर फुटबॉलपटूंना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, चार-चार मिनिटांच्या चार जोरदार धावा दिल्या. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, दर मिनिटाला दर किलो वजनामागे, साधारण 58 मिलिलिटरवरून 64 वर गेली. सामन्यात ते 20 टक्के जास्त अंतर धावले आणि त्यांच्या स्प्रिंट, म्हणजे पूर्ण वेगाच्या छोट्या धावा, संख्येने दुप्पट झाल्या.

स्प्रिंटला ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनविना मिळते, मग त्या का वाढाव्यात? कारण स्प्रिंटमध्ये स्नायूंतलं क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे झटपट ऊर्जेचा साठा, खर्च होतं आणि ते पुन्हा भरायला ऑक्सिजनच लागतो. भरणं जितकं लवकर, तितकी पुढची स्प्रिंट लवकर.

आता खरी गंमत हृदयात. नाडीचा कमाल वेग सरावाने वाढत नाही. वाढतं ते एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त. मिनिटाला 200 ठोके आणि ठोक्याला 100 मिलिलिटर, म्हणजे 20 लिटर. तेच 110 मिलिलिटर झालं की 22 लिटर. त्यासाठी हृदयाकडे परतणारं रक्त वाढावं लागतं आणि डाव्या जवनिकेने, म्हणजे शरीराला रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याने, भरपूर भरून जोराने रिकामं होण्याचं काम बराच वेळ करावं लागतं. पण धाव सुरू झाल्याबरोबर नाडी वर पोचत नाही. कमाल वेगाच्या 90 टक्क्यांपर्यंत चढायलाच दीड-दोन मिनिटं जातात. धाव एका मिनिटात थांबवून लांब विश्रांती दिली, तर सगळा वेळ चढण्यातच संपतो. चार मिनिटांत शेवटची दोन-अडीच मिनिटं कामाची मिळतात. पंधरा-पंधरा सेकंदांच्या धावाही चालतात, मात्र मधली विश्रांती तेवढीच आखूड हवी, म्हणजे नाडी खाली येत नाही.

कृती अशी: दहा मिनिटं वॉर्मअप. मग चार मिनिटं कमाल नाडीच्या 90 ते 95 टक्क्यांवर, म्हणजे कमाल 200 असेल तर 180 ते 190. या वेगात दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. मध्ये तीन मिनिटं हलकं जॉगिंग. उभं राहू नये, रक्त पायांत साचून चक्कर येते. असं चार वेळा. ‘220 वजा वय’ हे सूत्र एकेका मुलाबाबत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, म्हणून कमाल नाडी दमवणाऱ्या चढावाच्या धावेत मोजावी.

नेहमीची चूक म्हणजे पहिली धाव शर्यतीसारखी मारणं. तिसऱ्या धावेला पाय जड होतात, वेग पडतो आणि त्यासोबत नाडीही. चौथ्या धावेतलं अंतर पहिल्याइतकंच भरलं, तर वेग बरोबर होता. चार विरुद्ध चार असा छोट्या मैदानातला खेळही हेच काम करतो, पण चेंडू बाहेर गेला की दुसरा लगेच आत आला पाहिजे. त्यातही सर्वांत तंदुरुस्त खेळाडूची नाडी अनेकदा पुरेशी चढत नाही. त्याला वेगळी धाव द्यावी.

‘उंचावरची हवा’ देणारे म्हणून विकले जाणारे मास्क घेऊ नयेत. त्यांनी श्वास घ्यायला जोर लागतो, पण हवेचा दाब मैदानावरचाच राहतो.

दोन कडक सत्रांत 48 तास ठेवावेत आणि सामना हेही एक सत्र धरावं. वयात न आलेल्या मुलांत ऑक्सिजन वापरण्याची ही क्षमता सरावाने कमीच वाढते. त्यांना छोट्या संघांत भरपूर खेळू द्यावं.