मुरघासात फळांचा चोथा घालायचा, पण ओला की सुका?

नेपियर किंवा गिनी गवताचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) करताना ज्यूस-पल्प कारखान्यातला चोथा मिसळा असा सल्ला सारखा दिला जातो, पण ओला की वाळवलेला हे कोणी सांगतच नाही. फळ तेच असलं तरी मुरघासात या दोघांचं काम पार वेगळं आहे, आणि चुकीचा निवडला तर चांगलं गवत वाया जातं.

आधी गवताची अडचण बघा. कोवळं नेपियर कापलं की त्यात कोरडा भाग बहुतेक वेळा १५ ते २० टक्के, बाकी सगळं पाणी. मुरघासाला कोरडा भाग हवा ३० टक्क्यांच्या आसपास. त्यात या गवतांत साखरही कमी, म्हणून चारा टिकवणारं लॅक्टिक आम्ल लवकर बनत नाही, पीएच वेळेत खाली येत नाही (म्हणजे चारा पुरेसा आंबट होत नाही), क्लॉस्ट्रिडिया जिवाणू माजतात, ब्युटिरिक आम्लाचा घाण वास येतो आणि खालून जे पाणी वाहतं त्यासोबत विरघळणारी अन्नद्रव्यंही निघून जातात.

आता हिशोब करा. ८५ किलो गवत, कोरडा भाग २० टक्के, म्हणजे १७ किलो. त्यात १५ किलो सुका चोथा घातला (कोरडा भाग ८८ टक्के धरा) तर १३.२ किलो वाढले, मिश्रण ३० टक्क्यांवर गेलं. काम झालं! तेवढाच ओला चोथा घातला, १८ टक्केवाला, तर मिश्रण १९.७ वर, म्हणजे पाणी होतं तिथेच. म्हणून "१५ टक्के चोथा घाला" एवढंच वाचून ओला ओतू नका, तो आकडा कशाचा आहे ते आधी बघा.

मग ओला बिनकामाचा का? अजिबात नाही. तो साखर देतो, अननसाच्या साली-गाभ्यात तर भरपूर असते. गवत आधी उन्हात सुकवून घेतलं असेल किंवा जास्त पिकून राठ झालं असेल तर ओला चोथा छान जमतो. फक्त तो ताजाच हवा, कारण ढिगात पडून राहिला की यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, आणि साखर फार झाली तर बंद खड्ड्यातसुद्धा हेच होतं, शिवाय खड्डा उघडल्यावर असा मुरघास लवकर गरम होतो.

सुक्यातही सगळे सारखे नाहीत. संत्र्या-लिंबाच्या चोथ्यात पेक्टिन (फळातला चिकट, तंतुमय पदार्थ) भरपूर, ते पाणी धरून ठेवतं आणि जनावराला पचतंही छान. पण वाळवण्याआधी पाणी सुटावं म्हणून त्यात बऱ्याचदा चुना घालतात, त्यामुळे कॅल्शियम वाढतं, जनावराचा रोजचा खुराक बसवताना ते धरा. पेरूच्या चोथ्यात बियाच जास्त, पाणी शोषेल पण पचनाला जड. आणि जळकट काळा पडलेला चोथा घेऊच नका, जास्त उष्णतेने त्यातली प्रथिनं बांधली जातात, मग जनावराला मिळत नाहीत.

लॅब नसेल तर कुट्टी (बारीक कापलेलं गवत) मुठीत घट्ट दाबा. पाणी ठिबकलं तर सुका चोथा घाला किंवा गवत सुकवा. गोळा हळूहळू सुटला आणि हात जेमतेम ओलसर झाला तर थोडा ओला चालेल. काहीही घाला, कुट्टीत एकसारखं मिसळून घाला, थर देऊन नको, नाहीतर एका जागी चिखल आणि दुसऱ्या जागी कोरडं गवत राहतं.