मेटघर परिसर : सायकलीने आणि पायी भटकंती

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर ज्या वाड्या वसल्या आहेत, त्यांना मिळून मेटघर किल्ला म्हणतात. गंगाद्वार मेट, महादरवाजा मेट, विनायक खिंड, सुपलीची मेट, जांबाची वाडी, पठाराची वाडी ही त्यांतली काही नावे. मेट म्हणजे किल्ल्याच्या उतारावरची पहाऱ्याची चौकी आणि तिच्या आधाराने राहिलेली वस्ती. पहारे गेले, वस्ती राहिली. या वाड्या, शेजारचा अंजनेरी डोंगर, दक्षिणेचे पहिने आणि पश्चिमेची हर्षेवाडी व हरिहर किल्ला हा सगळा मुलूख नाशिककर सायकलीने गाठतात आणि पुढे पायी पालथा घालतात. पायथ्यापर्यंत सायकल आणि वर पाय ही जोडी इथल्या भूगोलाला जशी लागू पडते तशी दुसरी कुठलीही रीत पडत नाही.

भूरचना. हे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे. एक थर कठीण, त्याखालचा ठिसूळ, पुन्हा एक कठीण. कठीण थराचा उभा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याची पायरी पडते आणि त्या पायरीला आपण माची म्हणतो. दोन लाव्हांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असला की वरून मुरलेले पाणी तिथे अडते आणि कड्याच्या बुडाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. माती, सपाटी आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या माचीवरच, म्हणून वाड्याही तिथेच. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी हे दोन्ही डोंगर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास उंच आहेत. वाड्यांवर उभे राहिले की डोक्यावर एक कडा आणि पायाखाली दुसरा, अशी स्थिती असते.

याच डोंगररांगेवर पाणी वाटले जाते. पूर्वेला उतरलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेच्या अंगाची वैतरणा अरबी समुद्राकडे जाते आणि वाटेत धरणांत अडून मुंबईच्या नळांना पोचते. सायकलवरून पहिन्याच्या बाजूने जाताना हा पाणलोटाचा कणा कळत-नकळत ओलांडला जातो. ओहोळ कुठल्या दिशेला पळतो आहे एवढे लक्ष देऊन पाहिले तर नकाशा उघडायची गरज पडत नाही.

इतिहास. त्र्यंबकगड ऊर्फ ब्रह्मगिरी हा यादवकाळापासूनचा महत्त्वाचा किल्ला. १६३६ च्या तहात शहाजीराजांना तो मोगलांच्या हवाली करावा लागला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला आणि एप्रिल १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या मोहिमेनंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या कातळपायऱ्या मात्र बचावल्या. किल्ल्याचा राबता संपल्यावर मेटकरी कुटुंबे शेती, गुरे आणि जंगलावर राहिली. आज या भागात प्रामुख्याने ठाकर आणि महादेव कोळी समाजाची वस्ती आहे.

सायकलीची वाट. नाशिक ते त्र्यंबकेश्वर हे अंतर २८ ते ३० किलोमीटर. सातपूर सोडले की महिरावणी, तळेगाव, अंजनेरी फाटा, पेगलवाडी. चढ जाणवेल न जाणवेल असा असतो, पण तो सतत असतो. त्यातून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो, त्यामुळे जाताना जो दम लागतो तो चढापेक्षा वाऱ्याने. परतीला तोच वारा पाठीशी असतो, हे ठाऊक असलेला सायकलस्वार जाताना घाई करत नाही. ब्रह्मगिरीला वळसा घालायचा असेल तर पेगलवाडीहून पहिन्याकडे वळावे. डावीकडे अंजनेरी, उजवीकडे ब्रह्मगिरी आणि मधून रस्ता, हा या परिसरातला सगळ्यांत देखणा तुकडा. पुढे घोटीला उतरून महामार्गाने नाशिकला आले की शंभरेक किलोमीटरचा फेरा होतो. महामार्गावर अवजड गाड्यांची वर्दळ असते, त्यामुळे नवख्याने पहिन्यावरून मागे फिरलेले बरे.

पश्चिमेला हर्षेवाडीची वाट वेगळ्या जातीची आहे. त्र्यंबकपासून अंतर फार नाही, पण चढ अंगावर येतो. हलका गिअर आणि शाबूत ब्रेक नसतील तर सायकल हातात धरून चालावी, त्यात कमीपणा नाही. पावसात लाल चिखल चाकाच्या कडेवर बसतो आणि ब्रेकचे रबर एका उतारात झिजून जाते. जादा रबर, ट्यूब आणि पंप बरोबर हवेच, कारण त्र्यंबक सोडल्यावर पंक्चरचे दुकान भरवशाने सापडत नाही.

नाशिकमध्ये सायकलचे वेड चांगले मुरलेले आहे. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशी मजल मारणारा हा पहिलाच भारतीय संघ. त्यानंतर त्र्यंबक रस्त्यावर पहाटे सायकलींचे दिवे जास्तच दिसू लागले.

पायवाटा. या मुलखात पायी चालण्याची परंपरा सायकलीच्या किती तरी आधीची आहे. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, लाखो लोक ब्रह्मगिरीची फेरी करतात. कुशावर्तात स्नान, मग प्रयागतीर्थ, पहिने, सापगाव अशी साधारण २० किलोमीटरची ही प्रदक्षिणा अनेक जण अनवाणी करतात. ज्याला डोंगर सगळ्या बाजूंनी समजून घ्यायचा आहे त्याला याहून चांगली वाट नाही. गर्दी नको असेल तर तीच वाट कार्तिकात चालावी.

त्र्यंबक गावातून वर जाणारा पायऱ्यांचा मार्ग एका टप्प्यावर गंगाद्वाराकडे फुटतो. तिथवर साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दुसरा फाटा महादरवाजातून माथ्यावर, गोदावरीच्या उगमाकडे जातो. माथ्यावरून दुर्गभांडारकडे गेल्याशिवाय मात्र परतू नये. दुर्गभांडार हा ब्रह्मगिरीचाच सुटा निघालेला सुळका. तिथे जायला कातळात खंदकासारखी चिरलेली जिन्याची खाच आहे. दोन्ही खांदे भिंतींना घासतील इतकी ती अरुंद, आत ओलसर अंधार, आणि तळाशी असा दरवाजा की वाकून, प्रसंगी बसून बाहेर पडावे लागते. बाहेर येताच समोर जेमतेम काही फुटांची कातळाची भिंत, दोन्हीकडे दरी, आणि पलीकडे पुन्हा तसाच जिना वर चढलेला. हे काम हातोडी-छिन्नीने कोणी आणि किती वर्षांत केले असेल, या विचाराने माणूस तिथे थांबतोच.

हरिहरचा (सुमारे १,१२० मीटर) जिना आता सगळ्यांना ठाऊक आहे. पायऱ्या ऐंशी अंशांच्या आसपास उभ्या, आणि प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना बोटे रोवण्यासाठी खोबण्या. चढताना भीती वाटत नाही, उतरताना वाटते. म्हणून उतरतानाही तोंड कातळाकडेच ठेवावे. रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे याच जिन्यावर समोरासमोर अडकतात. आठवड्यातला मधला दिवस गाठता येत असेल तर गाठावा, नाही तर उजाडताच जाऊन यावे.

वाड्यांवरचे जीवन आणि पाहुण्याची वागणूक. इथली शेती भात, नागली, वरई आणि खुरासणीची. उन्हाळ्याअखेर शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून राब भाजतात, त्यावर रोप टाकतात आणि पाऊस लागला की आवणी. त्या पंधरवड्यात घरात म्हातारी माणसे आणि लहान पोरेच सापडतात. शेताच्या बांधावरून चालताना रोप तुडवले जाणार नाही एवढे भान ठेवले पाहिजे. सायकल ठेवायला कुलूप-साखळीपेक्षा एखाद्या घराची पडवी बरी. “मावशी, सायकल इथं ठेवू का?” असे विचारले की बहुधा ‘ठेव की’ हेच उत्तर मिळते, आणि परतल्यावर पाण्याचा तांब्याही पुढे येतो. जेवण हवे असेल तर जातानाच सांगावे. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा यांचे पैसे न मागता, न घासाघीस करता द्यावेत.

तो पाण्याचा तांब्या मार्चनंतर मागू नये. मेटघरातल्या बायकांना एप्रिल-मे महिन्यांत विहिरीच्या कोरड्या तळाशी उतरून, झऱ्यात साचलेले पाणी वाटीवाटीने भरावे लागते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात नाशिक शहराच्या कैक पट पाऊस पडतो, पण कातळावर माती पातळ, उतार तीव्र, आणि पाणी धरून ठेवणारे झाड कमी झालेले, म्हणून ते दिवाळीनंतर झपाट्याने आटते. ज्या डोंगराच्या दोन बाजूंना दोन मोठ्या नद्या निघतात त्याच्याच कुशीत ही स्थिती असावी, हे मनाला लागते. उन्हाळ्यात जाणाऱ्याने माणशी चार लिटर पाणी खालून न्यावे.

हंगाम. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. सप्टेंबरात सडे फुलतात. जुलै-ऑगस्टमध्ये धुके, शेवाळ आणि निसरडा कातळ असतो, तेव्हा दुर्गभांडार आणि हरिहर टाळावेत. ओढ्यांबाबत विशेष जपावे लागते. वर पडलेला पाऊस खाली पोचायला वेळ लागत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडी धबधब्याजवळ पाणी एकाएकी वाढून पर्यटक पलीकडच्या काठावर अडकले होते. ओढा ओलांडून गेल्यावर पाऊस वाढला तर परतीची घाई न करता पाणी ओसरेपर्यंत थांबणे हाच शहाणपणा.

अंजनेरी आणि रस्त्याचा प्रश्न. अंजनेरीच्या कड्यांवर भारतीय गिधाडांची घरटी आहेत. पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आढळते. २००६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली आणि डोंगरावरूनच तिला ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे नाव मिळाले. २०१७ मध्ये हा भाग संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. त्याच डोंगरावरून मुळेगावकडे रस्ता काढण्याचा आणि ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी कडाडून विरोध केला. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरला जात असल्यावरूनही आंदोलने झाली.

इथे दोन गोष्टींची गल्लत करू नये. रस्ता नसलेल्या वाड्यांतून आजाऱ्याला आजही डोली करून खाली आणावे लागते. त्या माणसांची पायरस्त्याची, दवाखान्याची आणि पाण्याची मागणी रास्त आहे आणि ती आधी पुरी व्हायला हवी. पर्यटकाला पाय न चालवता माथ्यावर पोचवणे ही निराळी मागणी आहे, आणि तिची किंमत गिधाडांनी आणि झऱ्यांनी का मोजावी, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर कामे आणि वर्दळ दोन्ही वाढत आहेत. त्या काळात सायकलस्वारांनी पहाटे लवकर निघून उन्हे चढण्याआधी पेगलवाडी गाठावी. पर्वणीच्या दिवसांत त्र्यंबकमध्ये वाहनांना आणि वाटांना निर्बंध असतात, तेव्हा मेटघरची वाट त्या दिवसांपुरती वाड्यांवरच्या लोकांसाठीच मोकळी सोडावी.