तासातासाचा हिशोब

कळव्यात पारसिकच्या उतारावरच्या वस्तीत मी दर शनिवारी सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. एकदा सगळ्यांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशोब लिहायला सांगितला. मुलींच्या वहीत पाणी भरणं, भांडी, धाकट्याला शाळेतून आणणं. मुलग्यांच्या वहीत क्लास, क्रिकेट, मोबाइल. वय मात्र सगळ्यांचं बारा.

हाच हिशोब २०१९ मध्ये देशपातळीवर मांडला गेला. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती. पुरुषांपैकी जेमतेम चौथा हिस्सा घरकामाला हात लावत होता, तोही ९७ मिनिटं.

ही वाटणी अंगवळणी पडण्याआधी बदलता येते का? मुंबईच्या पालिका शाळांत २००८ पासून ‘जेम्स’ नावाच्या उपक्रमाने सहावी-सातवीच्या वर्गांत याची सुरुवात केली होती. पुढे दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थतज्ज्ञांनी हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळा घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांतल्या १५० निवडल्या आणि तिथे ‘ब्रेकथ्रू’ या स्वयंसेवी संस्थेने अडीच वर्षं मुलगा-मुलगी समानतेवर वर्गात चर्चा घेतल्या; उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. चिठ्ठ्यांचं महत्त्व मोठं आहे. नाहीतर उत्साही मुख्याध्यापकांच्याच शाळा पुढे आल्या असत्या आणि श्रेय कुणाचं ते कळलंच नसतं.

मुलं बाईंना आवडेल तेच उत्तर देतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून कोणत्या मुलाला चांगलं दिसायची ओढ किती, हेही आधीच मोजून ठेवलं होतं. उपक्रमाने पडलेला फरक नुसता अशा मुलांच्या उत्तरांमुळे दिसत नव्हता.

मुलींविषयीच्या जुनाट मतांपैकी साधारण १६ टक्के पालटली, आणि उपक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही बदल टिकून होता. पण मी अडले ते या अभ्यासातल्या पुढच्या ओळीवर: मतं दोघांची बदलली, वागणं मात्र जास्त बदललं मुलग्यांचं. ते घरकाम करू लागले. मुलगा मनात आलं की झाडू उचलतो, त्याला कोण अडवणार? मुलीला एकटीने स्टेशनपर्यंत जायचं तर आई, बाबा, आत्या, शेजारपाजार, सगळ्यांचा होकार लागतो. तिचं मत बदललं तरी तिच्या हातात फारसं काही नसतं, आणि हे मला फार लागलं.

म्हणून गेल्या पालकसभेत तोच कोरा कागद मी वडिलांच्या हातात दिला. एका बाबांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली, म्हणाले, “बाई, घरी हिच्यासोबत बसून भरतो.”