धरण गळतं, म्हणूनच टिकतं

निपाणी, हुक्केरी, खानापूर भागात कुठल्याही गावतळ्याच्या बांधामागे उतरून बघा. ऐन मार्च-एप्रिलातही पायथ्याशी एक ओला पट्टा असतो, त्यात लव्हाळं माजलेलं असतं आणि चप्पल रुतते. सोबत कुणी असलंच तर तो हमखास म्हणणार, "तळं गळतंय, कंत्राटदारानं पैसे खाल्ले." खाल्ले असतीलही, पण हा ओलावा त्याचा पुरावा नव्हे. मातीचं धरण थोडं गळतंच. पाणी कुठून, किती आणि कसं झिरपावं हे ठरवण्यात त्याची सगळी कारागिरी असते.

आपला बेळगाव जिल्हा पावसाच्या बाबतीत मोठा लहरी. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि दीडशे किलोमीटरवरच्या अथणीला पाच-सहाशे मिलिमीटरवर भागवावं लागतं. घटप्रभेवर हिडकलसारखं मोठं धरण आहे (त्याचाही बराचसा भाग मातीचाच), पण कालव्याचं पाणी आपणहून चढ चढत नाही. माळावरची गावं कोरडीच राहतात. तिथं उपयोगी पडतो तो ओढ्यावरचा लहान बांध.

त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस किलोमीटर पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं 10 कोटी लिटर. त्यातलं चौथा हिस्सा ओढ्याला लागलं तरी अडीच कोटी लिटर तळ्यात येतं. मात्र उघड्या तळ्यातलं पाणी ऊनही पितं. आपल्याकडच्या हवेत वर्षाला दीड मीटरहून अधिक थर नुसता वाफ होऊन जातो. तळंच दोन-तीन मीटर खोल असेल तर राहिलं काय? जमिनीत मुरलेलं पाणी या उन्हापासून बरंचसं वाचतं, आणि बांधाखालच्या शिवारातल्या विहिरींना शाळू-हरभरा निघेपर्यंत पुरतं. पाझर तलाव तर मुद्दाम मुरण्यासाठीच बांधतात. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात असे कितीतरी तलाव कामावर आलेल्या लोकांच्या हातांनी उभे राहिले.

बांध बाहेरून नुसता मातीचा ढीग वाटतो, पण आत दोन वेगळ्या माती असतात. मधोमध चिकण काळी माती, तिला कामावर हार्टिंग म्हणतात. तिचे कण इतके बारीक की पाणी त्यातून जेमतेम सरकतं. पण ही माती उन्हात भेगाळते, भिजली की फुगते आणि घसरते, म्हणून दोन्ही बाजूंनी तिला मुरमाचं केसिंग घालतात. खाली खंदक खणून तोही काळ्या मातीनं भरतात, नाहीतर पाणी बांधाच्या बुडाखालून वाट काढतं. माती वीतभर थरानं पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग पुढचा थर. इथं ओलाव्याला फार महत्त्व आहे. माती कोरडी असली तर ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात. फार ओली असली तर रोलरखाली रबरासारखी लिबलिबते, दबत नाही. जुने मिस्त्री मुठीत गोळा वळून बघतात. गोळा फुटला नाही आणि तळहात ओला झाला नाही, की माती बरोबर.

तळं किती लांबवर पसरलंय यावर बांधावरचा दाब ठरत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. दाब ठरतो फक्त खोलीवर. दहा मीटर खोलीवर दर चौरस मीटरला दहा टन. या दाबानं पाणी मातीतून पुढं सरकत राहतं. मागच्या पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड क्रमानं रचलेले असतात, ते पाण्याला वाट देतात आणि मातीला अडवतात. म्हणून ओलावा दिसला की आधी पाण्याचा रंग बघावा. नितळ असेल आणि धार वाढत नसेल तर काळजी नाही. गढूळ येत असेल तर पाणी आतली माती घेऊन निघालंय. असं भोक मागच्या बाजूनं सुरू होऊन तळ्याच्या दिशेनं पोखरत जातं, आणि ते तळ्याला भिडलं की बांधाला तास-दोन तासही पुरतात.

2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि माणसं वाहून गेली. तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं नि अख्ख्या महाराष्ट्रानं त्याची टिंगल केली. टिंगल रास्तच होती, कारण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. पण शास्त्र एवढंच सांगतं की खेकड्याचं, घुशीचं बीळ किंवा बाभळीचं कुजलेलं मूळ पाण्याला आयती नळी देतं. बांधावर वाढलेली झाडं छान दिसतात. ती लहान असतानाच काढावीत.

दुसरा धोका आपणच ओढवून घेतो. तळं तुडुंब भरलं की सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, वाळूची पोती रचून फूटभर पाणी जास्त अडवायचं, किंवा मासे निसटू नयेत म्हणून तिथं जाळी लावायची. जाळीत पालापाचोळा अडकतो, रात्री मोठा पाऊस होतो आणि पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहायला लागतं. दगडी धरण एखादवेळ हे सोसेल; मातीचा बांध मागच्या उतारावरून कापत जातो. सांडव्याच्या पातळीपासून माथ्यापर्यंत सोडलेली उंची ही फुकट गेलेली जागा वाटते, पण ती अशाच रात्रीसाठी असते.

उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी उतरतो तेव्हाही एक पथ्य पाळायला हवं. गाळ शेताला सोन्यासारखा आणि तो काढला की तळं पुन्हा मुरायलाही लागतं, त्यामुळे जो तो ट्रॅक्टर भरायच्या घाईत असतो. पण बांधाला लागून बसलेला बारीक गाळ वर्षानुवर्षं बुडाखालच्या वाटा बुजवत आलेला असतो. तोच खरवडला तर पुढच्या पावसाळ्यात मागच्या पायथ्याशी नवे झरे फुटतात. खोदाई बांधापासून लांब, तळ्याच्या वरच्या अंगाला करावी. ओढ्याचं पाणी तिथं संथ होतं, म्हणून जाड गाळही तिथंच जास्त साचतो.