आईच्या दुधातले जिवाणू ठरवतं कोण?

निरोगी आईचं दूध निर्जंतुक असतं, असं वैद्यकशास्त्र अनेक दशकं मानत आलं. नमुन्यात जिवाणू दिसलेच, तर ते त्वचेवरून किंवा बाळाच्या तोंडातून मिसळले म्हणून सोडून दिले जात. २००३ मध्ये माद्रिदच्या संशोधकांनी निरोगी मातांच्या दुधातून दह्याच्या विरजणाशी नातं सांगणारे लॅक्टिक आम्ल जिवाणू वेगळे केले, आणि बाळाच्या आतड्याला हे विरजण दुधातूनच लागतं, असं मांडलं.

मग प्रश्न आला आईचा. २०१२ च्या स्पेन-फिनलंड अभ्यासात १८ मातांचा चीक आणि पुढे पहिल्या व सहाव्या महिन्यातलं दूध तपासलं. लठ्ठ मातांच्या दुधात जिवाणूंची विविधता कमी होती. आधी ठरवून केलेल्या सिझेरियननंतरचं दूध वेगळं होतं. कळा सुरू झाल्यावर तातडीने केलेल्या सिझेरियननंतरचं मात्र नैसर्गिक बाळंतपणाशी जुळत होतं. म्हणजे शस्त्रक्रियेपेक्षा कळांसोबतचे संप्रेरक बदल महत्त्वाचे असावेत. पण २०१६ मध्ये कॅनडातल्या ३९ मातांत प्रसूतीच्या प्रकाराने काहीच फरक दिसला नाही.

निष्कर्ष असे का फिरतात? नमुने लहान आहेतच, पण खरी अडचण पद्धतीत आहे. दुधात जिवाणू इतके थोडे असतात की डीएनए काढण्याच्या किटमधले जिवाणूही मोजले जातात. २०११ च्या अमेरिकी अभ्यासात १६ मातांच्या प्रत्येक नमुन्यात ९ प्रजाती सापडल्या. त्यातल्या राल्स्टोनियासारख्या काही प्रजाती पुढे अशा किटच्या रसायनांतही आढळल्या. म्हणून स्तनाग्र स्वच्छ करणं, पहिले थेंब टाकून देणं आणि दुधाविना एक रिकामी नळी सोबत तपासणं, यातलं काही सुटलं तर त्या निकालावर विसंबू नये.

२०१९ मध्ये कॅनडातल्या ३९३ माता-बालकांच्या अभ्यासात सर्वांत ठळक ठरली ती पाजण्याची पद्धत: पंपाने काढलेल्या दुधात बिफिडोबॅक्टेरियम हे बाळाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू कमी होते. याला एक आधार आधीच मिळाला होता. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात सोनोग्राफीत दिसलं होतं की पान्हा ओसरला की दूध स्तनातल्या नळ्यांतून मागे सरतं. बाळाच्या तोंडातले जिवाणू त्यासोबत आत जाऊ शकतात. पंपाला ती वाट नसते.

मातृदुग्ध पेढीत, म्हणजे मातांनी दान केलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवतात तिथे, दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवतात. तिथे रोगजंतूंबरोबर हे विरजणही मरतं.