पार्श्वभूमी : आईचं ताट आणि लेकराची साखर

जळगाव-धुळ्याकडे गरोदर बाईच्या ताटात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वांग्याचं भरीत आणि वाटीभर वरण असलं की घरच्यांना समाधान वाटतं. ते अगदीच खोटं नाही. ज्वारीत कमी असलेलं लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक घटक, उडीद भरून काढतो. पण या ताटात ब-12 जीवनसत्त्व जवळपास शून्य. ही उणीव महत्त्वाची ठरते हे कळायला बराच काळ गेला.

या शोधाची सुरुवात झाली भुकेपासून. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरमध्ये 1911 पासून बाळांची वजनं वहीत टिपली जात. साउदॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर यांनी त्या नोंदींचा माग काढला. जन्मतः हलकी असलेली माणसं पुढे हृदयविकाराने जास्त दगावली, हे 1989 मध्ये समोर आलं. 1944-45 च्या दुष्काळात नेदरलँड्समध्ये गर्भात असलेल्यांमध्येही पन्नाशीत साखर बिघडलेली आढळली. 1992 मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी मांडलं, की अन्न कमी पडलं तर गर्भ मेंदू सांभाळतो आणि काटकसर इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडावर करतो. पुढे खाणं मुबलक झालं की तेच तोकडं स्वादुपिंड कमी पडतं.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं निघालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायांची पाहणी केली. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास. हातपाय काड्यांसारखे, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी साडेतीन किलोच्या इंग्रज बाळाच्या जवळपास! आई किती कॅलरी खाते याच्याशी वजनाचा फारसा मेळ बसेना. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी मात्र बसला. जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये ब-12 कमी होतं. आईचं ब-12 कमी आणि फोलेट (लोह-फोलिकच्या गोळीतलं जीवनसत्त्व) जास्त, अशी मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती.

याचा अर्थ लोह-फोलिकची गोळी टाकून द्यावी असा मुळीच नाही. पंडुरोगापासून तीच वाचवते. तिच्यासोबत ब-12 पोटात जायला हवं. गरोदरपणात रोज सुमारे अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि 200 मिली दुधातून एक मायक्रोग्रॅमही मिळत नाही. चहातलं चमचाभर दूध हिशेबात धरूच नका. दूध-दही मिळून अर्धा लिटर, नाहीतर अंडी-मासे. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तर लोह नीट अंगी लागत नाही. लिंबू पिळलेली तांदुळजाची भाजी चालते. साखरेची तपासणीही टाळू नये : 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह.

नंदुरबारच्या सातपुड्यातलं दुखणं आणखी निराळं. तिथं ताटच अपुरं. आदिवासी भागासाठीच्या अमृत आहार योजनेत अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर काही महिने. पुण्याच्या पाहणीत दुधाचा संबंध दिसला तो अठराव्या आठवड्याच्या, म्हणजे पाचव्या महिन्यातल्या आहाराशी. सातव्या महिन्यातलं जेवण तिथवर मागे जात नाही. म्हणूनच पुण्याच्या गटाने 2012 पासून त्याच खेड्यांतल्या किशोरवयीन मुलामुलींना, लग्नाच्या कितीतरी आधी, रोज 2 मायक्रोग्रॅम ब-12 देऊन पाहायला घेतलं.